पहाटेच्या फेरीत उडणारा फ्यूज : एका बेकरी व्हॅनच्या वायरिंगचे प्रकरण

चिपळूणमधील एका बेकरीकडे पाव, टोस्ट आणि खारी पोहोचवण्यासाठी पेट्रोल व सीएनजी या दोन्हींवर चालणारी एक छोटी व्हॅन आहे. तिची पहिली फेरी पहाटे साडेचारच्या सुमारास निघते आणि कराड रस्त्याने खडपोली, पेढांबे, अलोरे, शिरगाव असे थांबे घेत कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळीपर्यंत जाते. दुसरी फेरी दुपारी शहरात आणि खेर्डीत होते. प्रत्येक थांब्यावर मागचा दरवाजा, ज्याला सगळे डिकीच म्हणतात, वर उचलायचा, पावांचे क्रेट काढायचे, रिकामे क्रेट आत सरकवायचे आणि दरवाजा पाडून पुढे निघायचे, असे या गाडीचे आयुष्य आहे. या प्रकरणात पुढे जे निष्पन्न झाले त्याचे मूळ या दिनक्रमातच होते. मात्र तक्रार घेऊन आलेल्या मालकाला आणि चालकाला रस्त्याच्या खड्ड्यांवर संशय होता.

तक्रार अशी होती की, पहाटे निघताना लागलेले मागचे दिवे शिरगाव येईपर्यंत विझलेले असतात. केवळ मागचेच नव्हे, तर पुढचे पार्किंगचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमागचा उजेड हे सारे एकदम जाते. हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि हॉर्न मात्र व्यवस्थित चालतात. चालकाच्या लक्षात हे येत असे ते मीटरचे आकडे दिसेनासे झाल्यामुळे. मीटरचा उजेड वेगळ्या फ्यूजवर असता, तर पावसाळी धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला न दिसणारी व्हॅन तो कितीतरी दिवस तशीच चालवत राहिला असता. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे दिवे लागलेले असावेत आणि मागील नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता यावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ सांगतो. पण त्या रस्त्यावर पहाटेच्या वेळी नियमापेक्षा मागच्या ट्रकचीच भीती अधिक असते.

गाडी माझ्या गॅरेजमध्ये येण्यापूर्वीचा इतिहासही नोंदवला पाहिजे. पहिल्या वेळी रस्त्यालगतच्या एका दुकानात फ्यूज पाहिला गेला, तो उडालेला आढळला आणि त्या जागी नवा बसवला गेला. काही दिवसांनी तोही उडाला. त्यानंतर कुणीतरी १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून २० अँपिअरचा पिवळा बसवला आणि ‘आता हा जाणार नाही’ असे सांगितले. तो खरोखरच बरेच दिवस गेला नाही. एका पहाटे मात्र डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्याचा वास आला, चालकाने दिव्यांचा स्विच बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी पिवळा फ्यूजही उडाला. त्यानंतर मालकाने गाडी आणली. वास आलेली गाडी त्याच दिवशी उभी करायला हवी होती. पण पहाटेचा पाव थांबत नाही, हेही खरे.

उडालेला फ्यूज कोणता हे ठरवणे

एकाच वेळी कोणकोणत्या गोष्टी बंद पडल्या याची यादी केली, की निम्मे निदान होते. चारही कोपऱ्यांचे लहान दिवे, नंबर प्लेट आणि मीटरचा उजेड एकत्र जातात आणि बाकी सर्व चालते, याचा अर्थ बॅटरी, मुख्य फ्यूज आणि इग्निशनचा पुरवठा ठीक आहे व बिघाड या दिव्यांच्या सामाईक मार्गावर आहे. सहाही ठिकाणचे बल्ब एका वेळी जळण्याची शक्यता नगण्य असते, त्यामुळे बल्ब बदलत बसण्यात अर्थ नव्हता. या गाडीत हे सर्व दिवे एका फ्यूजवर आहेत. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूचे फ्यूज वेगळे असतात, तेव्हा एकच बाजू जाते. म्हणून दुसऱ्या गाडीच्या अनुभवावरून अंदाज बांधण्यापेक्षा फ्यूजच्या पेटीच्या झाकणावरील तक्ता वाचणे केव्हाही बरे.

पेटी स्टिअरिंगखाली उजवीकडे होती. तक्त्यावर ‘टेल’ या घरासमोर १० अँपिअर असे छापलेले होते आणि घरात पिवळा फ्यूज होता. येथे एक साधा पण वारंवार मोडला जाणारा नियम आहे : बदली फ्यूजची क्षमता झाकणावरून वाचावी, घरात जो बसलेला आहे त्याच्यावरून नाही, कारण तो आधीच्या कुणाच्या तरी घाईचा पुरावा असू शकतो. पट्टीच्या फ्यूजचे, म्हणजे दोन चपटे पाय असलेल्या प्लास्टिकच्या फ्यूजचे, रंग ठरलेले आहेत. ५ अँपिअर फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक आणि ३० हिरवा. त्यामुळे विसंगती झाकण उघडताच दिसते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पट्टीची रचना येऊन जुन्या काचेच्या नळीचे फ्यूज मागे पडले, त्यामागचे एक कारण हेच होते की, अंधारात, घाईत, बोटांनी काढता येणारा आणि रंगाने ओळखता येणारा फ्यूज लोकांना हवा होता.

फ्यूज न काढताही तो तपासता येतो. पट्टीच्या फ्यूजच्या पाठीवर धातूची दोन लहान टोके उघडी ठेवलेली असतात. दिव्यांचा स्विच चालू करून मल्टिमीटरची (व्होल्ट व प्रवाह मोजणाऱ्या मीटरची) काळी प्रोब, म्हणजे मोजणीची सळई, गाडीच्या स्वच्छ अर्थवर (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या उघड्या धातूवर) आणि लाल प्रोब आळीपाळीने त्या दोन टोकांवर ठेवावी. दोन्हीकडे १२ व्होल्टच्या आसपास मिळाले तर फ्यूज शाबूत आहे. एकीकडेच मिळाले तर उडालेला आहे. दोन्हीकडे काहीच नसेल तर फ्यूजपर्यंत पुरवठाच येत नाही आणि शोध मागे, बॅटरीच्या दिशेने न्यावा लागतो. या गाडीत एका टोकावर १२.५ आणि दुसऱ्यावर शून्य मिळाले. स्विच बंद केल्यावरही पहिल्या टोकावर तेवढेच व्होल्ट राहिले, यावरून आणखी एक गोष्ट कळली : फ्यूज स्विचच्या आधी आहे आणि दिव्यांकडे जाणारी सर्व वायरिंग स्विचच्या पुढे आहे. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

काढलेल्या फ्यूजकडे भिंगातून पाहिले. थोड्याशा जास्त प्रवाहाने, हळूहळू तापून गेलेल्या फ्यूजची आतली पट्टी मध्येच वितळून तुटते आणि प्लास्टिक बहुधा स्वच्छ राहते. थेट शॉर्टने, म्हणजे चालू वायर थेट पत्र्याला लागून, गेलेल्या फ्यूजमध्ये पट्टीचा तुकडाच नाहीसा होतो आणि आतल्या बाजूला काळा किंवा चंदेरी थर बसतो. हा पिवळा फ्यूज आतून काळा होता. चालकाने आधीचा एक लाल फ्यूज गाडीतल्या डब्यात टाकून ठेवलेला होता. तोही तसाच निघाला. म्हणजे प्रश्न जास्त भाराचा नव्हता, कुठेतरी चालू वायर गाडीच्या पत्र्याला लागत होती. उडालेले फ्यूज फेकू नयेत, असे मी प्रत्येक चालकाला सांगतो. ऐकणारे थोडे असतात, हा त्यांपैकी निघाला.

पिवळ्या फ्यूजने काय केले

वास का आला, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. या मार्गावर पुढचे दोन आणि मागचे दोन दिवे प्रत्येकी ५ वॅटचे, नंबर प्लेटचा एक ५ वॅटचा आणि मीटरमागचे लहान बल्ब मिळून आणखी साधारण ५ वॅट, असा एकूण ३० वॅटचा भार आहे. १२.५ व्होल्टवर हा प्रवाह सुमारे २.४ अँपिअर होतो. १० अँपिअरच्या फ्यूजसाठी हा पाव हिश्शापेक्षाही कमी भार आहे. त्यामुळे ‘फ्यूज कमी पडतो’ हे २० अँपिअर बसवणाऱ्याचे गृहीतक आकड्यांवर टिकत नाही.

फ्यूज हा आपल्या आकड्यावर लगेच तुटत नाही. वाहनांच्या पट्टीच्या फ्यूजचे मानक असे आहे की, क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह त्याने १०० तास तरी सोसला पाहिजे, १३५ टक्क्यांना तो जास्तीत जास्त १० मिनिटांत, दुपटीला ५ सेकंदांत आणि सहापटीला सेकंदाच्या दहाव्या भागात तुटला पाहिजे. मागच्या दरवाजापर्यंत जाणारी वायर अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची आणि सुमारे ४ मीटर लांब होती. तिचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास येतो. अशी वायर पत्र्याला घट्ट टेकली तर कित्येक दहा अँपिअरचा प्रवाह वाहू पाहतो आणि लाल असो की पिवळा, फ्यूज डोळ्याचे पाते लवण्याआधी जातो. खरा धोका अर्धवट टेकण्यात असतो. समजा, गंज चढलेल्या चार-दोन धाग्यांमधून १५ अँपिअरचा प्रवाह वाहू लागला. १० अँपिअरचा फ्यूज तो काही मिनिटांत तोडतो. २० अँपिअरच्या फ्यूजला मात्र हा प्रवाह मर्यादेतला वाटतो आणि तो शांत राहतो. तेवढ्या वेळात वायरमध्ये ३० वॅटहून अधिक उष्णता तयार होत असते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तेवढी उष्णता टेपने गुंडाळलेल्या जुडग्यात, शेजारच्या दहा वायरींना चिकटून, सुटत राहते. वायर वितळवण्याची ही खात्रीची रीत आहे, आणि मोठा फ्यूज बसवणारा नकळत तीच अवलंबतो.

वाटेत अडचण आली आणि योग्य फ्यूज जवळ नसला, तर कमी क्षमतेचा बसवावा, जास्तीचा कधीही नाही. या गाडीत ५ अँपिअरचासुद्धा २.४ अँपिअरचा भार आरामात वाहिला असता. रेडिओचा किंवा मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज १० किंवा त्याहून कमी असेल, तर तो काढून दिव्यांना लावता येतो आणि घर गाठता येते. सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा तांब्याचा धागा गुंडाळण्याचा प्रकार अजूनही पाहायला मिळतो. त्याबद्दल एवढेच सांगतो की, मागे गॅसची टाकी असलेल्या गाडीत तो करू नये.

शोध

काम सुरू करण्यापूर्वी सीएनजी टाकीची हाताने बंद होणारी झडप बंद केली, सर्व दरवाजे उघडून गाडी मोकळ्यावर उभी केली. भरलेल्या टाकीत गॅस २०० बारच्या दाबाने असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वरच्या बाजूने निघून जातो, पण बंद गाडीत छताखाली साठू शकतो. आणि शॉर्ट शोधताना ठिणगी पडणे हे अपवादाचे नाही. हा विधी दोन मिनिटांचा आहे.

नवा फ्यूज घालून ‘बघू जातो का’ असे करत बसण्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब लावला. इंडिकेटरचा साधा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि फ्यूजच्या पायांसारख्या दोन पट्ट्या एवढ्यात हे साधन तयार होते. हा बल्ब मार्गात असताना पुढे शॉर्ट असेल, तर तो पूर्ण उजेडाने पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. त्यामुळे वायर तापत नाही आणि दर प्रयत्नाला एक फ्यूज खर्ची पडत नाही. यात एक मेख आहे. दिव्यांचे बल्ब जागेवर असतील तर त्यांच्यातूनही प्रवाह वाहतो, चाचणीचा बल्ब मंद पेटतो आणि पाहणारा गोंधळतो. म्हणून पुढचे, मागचे आणि नंबर प्लेटचे असे सर्व बल्ब काढून ठेवले. मीटरमागचे लहान बल्ब काढले नाहीत, कारण त्यांच्या किरकोळ प्रवाहाने २१ वॅटचा बल्ब पेटत नाही.

स्विच बंद असताना चाचणीचा बल्ब अंधारातच राहिला. म्हणजे फ्यूजपासून स्विचपर्यंतची वायर निर्दोष होती. स्विच चालू केला, तरीही अंधार. म्हणजे या क्षणी कुठेच शॉर्ट नव्हता. अधूनमधून लागणाऱ्या शॉर्टचा हा नेहमीचा छळ आहे. गाडी गॅरेजमध्ये आली की ती साळसूद होते.

पहिला संशय मागच्या बंपरवरील लाल एलईडी पट्टीवर गेला, आणि तो जाणे साहजिक होते. ती नंतर बसवलेली होती, टेल-लॅम्पच्या वायरीचे आवरण खरवडून तिची जोड दिली होती आणि वर फक्त काळी टेप मारली होती, जी कोकणातल्या दमट हवेत सुटून लोंबत होती. अशी जोड पाहिली की बहुतेक जण ती तोडतात, फ्यूज घालतात आणि बिल करतात. ती जोड वाईट होती यात शंका नाही, आणि ती काढलीच. परंतु ती दिव्याच्या प्लास्टिक घराच्या आत होती. उघडा भाग कुठल्याही पत्र्यापर्यंत पोहोचत नव्हता आणि ओढून, वाकवून, पाणी मारूनही चाचणीचा बल्ब पेटला नाही. पट्टीचा स्वतःचा प्रवाह ०.३ अँपिअर भरला. दोष सापडणे आणि कारण सापडणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या होत्या, त्यामुळे शोध थांबवला नाही.

त्यानंतर डॅशबोर्डखालचे जुडगे, दाराच्या उंबऱ्याजवळून मागे जाणारे जुडगे आणि दोन्ही बाजूंच्या दिव्यांच्या वायरी एकेक करून हलवल्या. मागचा दरवाजा पूर्ण उघडा ठेवून पाहिले, पूर्ण बंद ठेवून पाहिले. खड्ड्यांचा आरोप खरा असेल तर हादऱ्याने तरी काही दिसावे म्हणून चाचणीचा बल्ब तसाच ठेवून गाडी गॅरेजसमोरच्या उखडलेल्या रस्त्यावरून हळू फिरवली. बल्ब पेटला नाही.

या टप्प्यावर मीटर बाजूला ठेवून चालकाला पुन्हा विचारणे अधिक फलदायी होते. पहिल्यांदा त्याने ‘चालता चालता जातात’ असे सांगितले होते. आता प्रत्येक थांब्याचा क्रम विचारला : गाडी कुठे उभी राहते, इंजिन चालू असते का, दिवे चालू असतात का, क्रेट कोण काढतो. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली ही की, दुपारच्या फेरीत दरवाजा पहाटेपेक्षा अधिक वेळा उघडला जातो, तरीही त्या फेरीत फ्यूज कधीच गेलेला नव्हता. दुसरी ही की, अलोऱ्यातील एका दुकानाच्या पडवीचा पत्रा इतका खाली आहे की मागचा दरवाजा तेथे पूर्ण उघडतच नाही. पावसात क्रेट भिजू नयेत म्हणून गाडी पडवीखाली मागे घ्यायची, दरवाजा पत्र्याला लागेपर्यंत उचलायचा आणि तो खांद्यावर तोलून खालून क्रेट ओढायचे, असे चालते.

हे ऐकल्यावर आधीच्या निरीक्षणांची सांगड बसली. दुपारी दिव्यांचा स्विच बंद असतो, आणि फ्यूज स्विचच्या आधी असल्याने स्विचपुढची वायर तेव्हा मृत असते; ती पत्र्याला लागली तरी काही होत नाही. पहाटे मात्र दिवे चालू ठेवूनच क्रेट उतरवले जातात. दिवे उभ्या गाडीत अलोऱ्याला जात होते आणि चालकाला ते गाडी सुरू करून पुढे निघाल्यावर, मीटरकडे पाहिल्यावर, शिरगावच्या वाटेवर कळत होते. रस्त्याचा दोष नव्हता. जो रस्ता वाईट असतो तो आपल्याकडे सर्व बिघाडांना जबाबदार धरला जातो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. म्हणून येथे कुणी दुसरे कारण शोधले नव्हते.

स्विच चालू ठेवला, चाचणीचा बल्ब जागेवर ठेवला आणि मागचा दरवाजा अगदी सावकाश वर नेला. निम्म्यावर येताच बल्ब लख्ख पेटला, थोडे वर नेताच विझला. खाली आणताना पुन्हा तसेच झाले. गाडीच्या छतातून दरवाजात जाणाऱ्या वायरी एका घडीदार रबरी नळीतून जातात. त्या नळीचे छताकडचे टोक उपसले, तेव्हा आत नंबर प्लेटच्या दिव्याची वायर नळीच्या तोंडाशी चिरलेली दिसली. तिचे आवरण घडीच्या जागी फुटले होते, उघड्या तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि दरवाजा अर्ध्यावर असताना नळी अशी दुमडत होती की ते उघडे धागे बिजागरीच्या पत्र्याच्या कडेवर टेकत. पूर्ण उघड्या आणि पूर्ण बंद अवस्थेत ते त्या कडेपासून बोटभर दूर राहत. दोन टोकांच्या तपासणीत काहीही न सापडण्याचे कारण हे होते.

दुरुस्ती

त्याच नळीतून वरच्या ब्रेक लाइटची वायर आणि दरवाजाची अर्थची वायरही जात होती. ब्रेक लाइटच्या वायरीचे आवरण चिरण्याच्या बेतात होते, आणि अर्थच्या वायरीचे निम्म्याहून अधिक धागे तुटलेले होते. फक्त दोषी वायर जोडून नळी बंद केली असती तर थोड्याच दिवसांत ब्रेक लाइटचा फ्यूज उडू लागला असता. एकाच जागी, तेवढ्याच वेळा वाकलेल्या वायरी एकत्रच म्हाताऱ्या होतात. त्यामुळे तिन्ही वायरींचा नळीतला भाग कापून काढला आणि त्याच छेदाची, पण बारीक आणि अधिक धाग्यांची लवचीक वायर घातली.

जोड कुठे द्यायची हा येथील महत्त्वाचा निर्णय होता. सोल्डर केलेली वायर जोडाच्या कडेला कडक होते आणि वारंवार वाकल्यास नेमकी तेथेच तुटते. म्हणून नळीच्या आत एकही जोड ठेवला नाही. एक टोक छताच्या अस्तरामागे आणि दुसरे दरवाजाच्या आत, जेथे वायर हलत नाही तेथे नेले. जोड दाबून बसवायच्या नळीचे केले, त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी हीट श्रिंक नळी चढवली आणि तिन्ही जोड एकमेकांशेजारी न ठेवता पुढेमागे ठेवले, म्हणजे एकाच ठिकाणी जाड गाठ होत नाही. रबरी नळी नवी बसवली. वायरींना थोडी सैल लांबी दिली आणि दरवाजा पूर्ण खाली-वर नेऊन त्या कुठेही ताणल्या जात नाहीत हे पाहिले. बिजागरीच्या पत्र्याची धारदार कड कानशीने घासून तिला रंग लावला.

यानंतरचे काम वासाच्या मागावर होते. २० अँपिअरच्या काळात ही वायर किती तापली हे पाहण्यासाठी जुडग्याची टेप तीन-चार ठिकाणी उघडली. चालकाच्या पायाजवळच्या वळणावर वायरीचे आवरण मऊ होऊन शेजारच्या वायरीला चिकटलेले होते. तेवढा तुकडा बदलला. शेजारच्या वायरीचे आवरण शाबूत होते, तरी तिच्यावर वेगळी नळी चढवली. फ्यूजच्या घरातील एका पकडीचा ताणही उष्णतेने गेलेला होता आणि फ्यूज तिच्यात सैल बसत होता. सैल पकड स्वतःच तापते, आणि मग फ्यूज चांगला असूनही त्याचे प्लास्टिक वितळते. म्हणून ती पकड पेटीतून काढून नवी दाबून बसवली. प्रामाणिकपणे सांगायचे तर या सर्व कामात मूळ दोषाच्या दुरुस्तीपेक्षा पिवळ्या फ्यूजने केलेल्या नुकसानीवर अधिक वेळ गेला.

तपासणी आणि नवा फ्यूज

बल्ब जागेवर लावले आणि फ्यूजच्या जागी मीटर प्रवाहाच्या खाचेत जोडून दिवे लावले. या वेळी लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेत आहे याची खात्री करावी, आणि काम संपताच ती व्होल्टच्या खाचेत परत न्यावी. ती तशीच राहून पुढच्या वेळी बॅटरीवर टेकवली गेली तर शॉर्ट मीटरमधून होतो. इंजिन बंद असताना २.३ अँपिअर आणि चालू असताना २.५ अँपिअर मिळाले, जे हिशेबाशी जुळणारे होते. मीटर जोडलेला ठेवूनच दरवाजा सावकाश आणि झटक्याने, दोन्ही प्रकारे खाली-वर केला, अर्ध्यावर धरून हलवला, नळीवर पाणी मारले. आकडा हलला नाही.

मग १० अँपिअरचा लाल फ्यूज बसवला. फ्यूज घालताना आणि काढताना स्विच बंद ठेवावा, आणि तो पेटीच्या झाकणात अडकवलेल्या चिमट्यानेच काढावा. पक्कडीने ओढलेल्या फ्यूजचे प्लास्टिक हातात येते आणि पाय घरात राहतात. सुट्या पिशवीतले बिननावाचे फ्यूज मी वापरत नाही. त्यांच्यावर आकडा छापलेला असतो, पण त्या आकड्याला ते तुटतीलच असे नसते, आणि न तुटणारा फ्यूज बाहेरून चांगल्या फ्यूजसारखाच दिसतो. झाकणातील रिकाम्या खाचांत १० आणि १५ अँपिअरचे दोन-दोन जादा फ्यूज ठेवून दिले, आणि २० अँपिअरचा तेथे मुद्दामच ठेवला नाही.

एलईडी पट्टी मालकाला परत हवी होती. ती टेल-लॅम्पच्या वायरीवरून न घेता वेगळ्या मार्गावरून, स्वतःच्या २ अँपिअरच्या फ्यूजसह जोडून दिली, म्हणजे तिच्यात बिघाड झाला तरी मागचे दिवे जाणार नाहीत. चालकाने अलोऱ्याच्या त्या दुकानात क्रेट आता बाजूच्या सरकत्या दरवाजातून काढायला सुरुवात केली आहे. तेथे गाडी पडवीला समांतर उभी करावी लागते आणि त्याला ते गैरसोयीचे वाटते.

एक काम शिल्लक आहे. मागच्या डाव्या दिव्याच्या अर्थच्या बोल्टखाली गंज धरला आहे. तो दिवा लागतो, पण ब्रेक दाबल्यावर डावा इंडिकेटर किंचित लुकलुकतो, जे अर्थ कमजोर असल्याचे लक्षण आहे. गंज घासून तात्पुरते भागवले आहे. पावसाळा संपल्यावर पत्रा कोरडा झाला की बोल्टची जागाच बदलायची, असे मालकाशी ठरले आहे.